निर्बंधांच्या काळातील अभिवाचन : ठाण्यातील आमच्या गटाची वाटचाल

हौशी अभिवाचन (संहिता हातात घेऊन केलेले नाट्यवाचन) आणि श्रुतिका (केवळ ऐकण्यासाठीचे नाटक) करणाऱ्या मित्रांसाठी ही नोंद एप्रिल २०२२ मध्ये लिहीत आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास राज्यातील कोरोनाविषयक निर्बंध उठले आणि आमच्या गटाची गुरुवारची बैठक पुन्हा सर्वांच्या उपस्थितीत एका खोलीत भरू लागली. मधल्या दोन वर्षांत काय टिकले, कशामुळे टिकले आणि काय हातून निसटले, हे आठवणी ताज्या असतानाच लिहून ठेवावे, अशी गटातील ज्येष्ठांची इच्छा होती. माझे मत आरंभीच सांगतो. बैठकीचा वार आम्ही मोडला नाही आणि प्रत्येक सभासदाकडे पुढच्या गुरुवारसाठी काही ना काही काम सोपवलेले राहील याची काळजी घेतली, म्हणून गट टिकला. पुढे जे तंत्राविषयी लिहिले आहे, ते सर्व या दोन गोष्टींच्या आधाराने उभे राहिले.

मार्च ते जून २०२०

आमचा गट नौपाड्यातला. पाडव्याला कौपिनेश्वराच्या पालखीसह निघणारी स्वागतयात्रा झाली की त्या आठवड्यात नवी संहिता वाचायला घ्यायची, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नाट्यगृहे त्यापूर्वीच, मार्चच्या मध्याला, बंद झाली होती. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह या तिन्ही ठिकाणी शुकशुकाट होता, सांगलीला व्हायचे शंभरावे नाट्यसंमेलन लांबणीवर पडले होते आणि ठाण्याची ओळख असलेले उद्यानांतले कट्टेही थांबले होते.

पहिल्या गुरुवारी आम्ही झूमवर जमलो. विनामूल्य बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा असल्यामुळे तेवढ्या वेळात बसेल असा एकच प्रवेश निवडावा लागे, आणि या बंधनाचा आम्हाला फायदाच झाला. प्रत्यक्ष बैठकीत निम्मा वेळ चहा आणि गप्पांत जात असे. येथे मात्र प्रवेश आधी दोनदा वाचून येणे सर्वांनी आपणहून सुरू केले. अभिवाचन हा प्रकार अंतर सहन करू शकतो, हे त्या काळात ध्यानात आले. हालचाली नाहीत, नेपथ्य नाही, संहिता हातात आहे. समोरच्याचे वाक्य अर्धा सेकंद उशिरा आले, तरी अर्थ तुटत नाही.

संगीताची गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे नाट्यपदे गाणारे दोघे, एक पेटीवादक आणि एक तबलजी आहेत. या चौघांना फोनवरून एकत्र गाणे-वाजवणे शक्य झाले नाही आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. म्हणजे दहा मीटर अंतरावर बसलेल्या दोन वादकांमध्ये साधारण ३० मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि साधारण तेवढे अंतर कान सांभाळून घेतो. इंटरनेटवरील बैठकीत आवाज पोहोचायला बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. गाणाऱ्याचा आवाज तबलजीला उशिरा येतो, तबलजीची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाणाऱ्यापर्यंत त्याहून उशिरा पोहोचते, दोघेही एकमेकांसाठी थांबतात आणि मध्यलयीत सुरू झालेले पद पहिल्या अंतऱ्यापर्यंत विलंबितात जाते. त्यात भर म्हणजे बैठकीच्या ॲपमधील गोंगाट कमी करणारी व्यवस्था. तानपुऱ्याचा अखंड नाद तिला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो आणि ती तो पुसून टाकते. पेटीचा लांब धरलेला स्वरही मध्येच विरतो. ही व्यवस्था सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, परंतु विलंबावर त्या काळात आमच्या हातात काही उपाय नव्हता.

म्हणून पदे तुकड्यांनी ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. आधी तानपुरा आणि त्यावर तबलजीने ठरलेल्या लयीत वाजवलेला साधा ठेका. तो कानात ऐकत गायकाने गायचे. मग गायकाचे मुद्रण ऐकत पेटीवाल्यांनी साथ करायची. आणि शेवटी तबलजीने आपला ठेका पुन्हा, आता गाण्याचा अंदाज घेत, वाजवायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. साथ करणारा गायकाच्या मागून जात असल्यामुळे पेटी आधी वाजवून घेतली, तर गाणे तिच्यात अडकून पडते.

श्रुतिकेकडे

जुलै २०२० मध्ये ठाणे शहरात पुन्हा कडक टाळेबंदी झाली आणि लवकर एकत्र येता येईल ही आशा सोडून आम्ही श्रुतिका हाती घेतली. आकाशवाणीवरील नभोनाट्ये ऐकत वाढलेली पिढी गटात असल्यामुळे या प्रकाराचे संस्कार होतेच; साधने मात्र नव्याने शिकावी लागली. जे करून पाहणार आहेत, त्यांच्यासाठी हा भाग सविस्तर लिहितो.

मुद्रणासाठी आमच्याकडे फोनखेरीज काही नव्हते. फोन तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर आणि थोडा बाजूला धरला, तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फुत्कार त्यावर आदळत नाहीत. खोलीचा घुमारा टाळण्यासाठी कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहावे, किंवा पाठीमागे दोरीवर गोधडी टाकावी. पंखा बंद. मुद्रणाची वेळ पहाटेची, कारण साडेसातनंतर इमारतीतील कुकरच्या शिट्या सुरू होतात. संवाद संपल्यावर दहा सेकंद गप्प राहून खोलीची शांतताही मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांच्या मधली जागा त्याच शांततेने भरली, की ठिगळ ऐकू येत नाही. फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नये, कारण तेथे आवाज दाबला जातो. फोनच्या रेकॉर्डरमध्ये मुद्रण करून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. इअरफोन तारेचेच वापरावेत, कारण ब्लूटूथमुळे आणखी विलंब वाढतो.

सर्वांत मोठा प्रश्न अभिनयाचा होता. प्रत्येकाने आपापली वाक्ये एकट्याने म्हणून पाठवली, तर ती स्वच्छ येतात, पण त्यांत समोरच्याला दिलेले उत्तर नसते. यावर आम्हाला सापडलेली पद्धत अशी : दोन्ही पात्रे फोनवर एकमेकांशी जोडलेली असतात, इअरफोनमधून परस्परांना ऐकत प्रवेश खेळतात आणि प्रत्येकाजवळचा दुसरा फोन फक्त त्याचा स्वतःचा आवाज मुद्रित करतो. आरंभी एकाने आकडे मोजावेत आणि दोघांनी टाळी वाजवावी. दोन फाइली प्रथम त्या टाळ्यांवरून ढोबळमानाने जुळवता येतात. दोन फोनची अंतर्गत घड्याळे अगदी एकसारखी चालत नसल्यामुळे मोठ्या मुद्रणात फाइली हळूहळू एकमेकींपासून सरकतात, म्हणून पाच-सात मिनिटांचे तुकडे करावेत. जुळवणी आम्ही ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरवर केली.

येथून पुढचे काम दिग्दर्शकाचे आहे. विलंबामुळे प्रत्येक उत्तरापूर्वी थोडी पोकळी राहते आणि ती संकलनात कमी करावी लागते. किती कमी करायची, हे मात्र कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. भांडणाच्या प्रवेशात दुसरे वाक्य पहिल्याच्या शेवटच्या अक्षरावर चढायला हवे. मुलाने घर सोडून जाण्याचे सांगितल्यावर आईने घेतलेला वेळ मात्र तसाच ठेवावा लागतो, कदाचित वाढवावाही लागतो. रंगमंचावर हा विराम नट घेतो आणि आम्ही आजवर तो गृहीत धरला होता. संगणकाच्या पडद्यावर तोच विराम रेघेएवढा दिसू लागल्यावर आमच्या बैठकांतील निम्मी चर्चा विरामांवर होऊ लागली, आणि संहिता वाचण्याची आमची दृष्टी त्यामुळे बदलली असे मी खात्रीने सांगतो.

हक्कांविषयी थोडे. बंद खोलीतले वाचन आणि सर्वांना पाठवता येणारे मुद्रण यांत फरक आहे. मुद्रणासाठी लेखकाची किंवा वारसांची परवानगी हवीच. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली आणि ज्यांचे नाव आपल्या रंगायतनाला आहे ते राम गणेश गडकरी १९१९ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या संहिता मोकळ्या आहेत. त्यांतील पदांची जुनी ध्वनिमुद्रणे मात्र तशीच उचलू नयेत, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असतो. पदे आपल्याच गायकांकडून गाऊन घ्यावीत.

जागा, पैसा आणि श्रोते

गटातील तरुण मुले बहुतेक वागळे इस्टेट, किसननगर आणि लोकमान्यनगर भागातली आहेत. एका खोलीत पाच-सहा माणसे, त्यांतच कोणाची ऑनलाइन शाळा आणि कोणाचे घरून काम. अशा घरात शांत कोपरा मागणे हाच अन्याय होता. दोघांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे मुद्रण केले, एकीने शेजारच्या रिकाम्या खोलीची किल्ली मिळवली. वार्षिक वर्गणीतून सभागृहाचे भाडे जात असे. ते वाचल्यामुळे त्या पैशांतून या मुलांचे रिचार्ज भरायचे ठरले. ज्यांच्याकडे मोठे घर होते त्यांनीच भूमिका केल्या असत्या, तर गट नावापुरताच उरला असता. कोणताही हौशी गट अशा काळात आधी आपल्यातील जागेची आणि साधनांची विषमता पाहतो की नाही, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते, असे मला मनापासून वाटते.

संकलनासाठी आम्ही एका ध्वनितंत्रज्ञाची मदत घेतली आणि त्यांना ठरलेले मानधन दिले. आम्हा हौशी लोकांची पोटे नोकरीवर भरतात. नाट्यगृहे बंद असताना पडद्यामागच्या कामगारांची मिळकत पूर्णच थांबली होती, आणि त्यांच्याकडून फुकट काम घेणे योग्य नव्हते.

श्रुतिका गुरुवारी रात्री नऊ वाजता ओळखीच्या श्रोत्यांना पाठवली जाई. ऐकून झाल्यावर फोन करून बोलावे, एवढीच विनंती असे. काही वृद्ध श्रोत्यांकडे बटणांचा साधा फोन होता. त्यांना आमच्यापैकी एकेकाने फोन लावून प्रवेश थेट वाचून दाखवला. या वाचनांचे मुद्रण केले नाही. माझ्या मते त्या वर्षातले सर्वांत चांगले अभिवाचन त्यांतच झाले, कारण वाचणारा एकाच माणसासाठी वाचत होता.

नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१

५ नोव्हेंबर २०२० पासून प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरची नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली. त्या दिवाळीत तलावपाळी आणि राम मारुती रस्त्यावरची नेहमीची गर्दी नव्हती. आम्ही दिवाळी पहाटेसाठी पाच पदे मुद्रित करून पहाटे सहाला पाठवली.

नाट्यगृहाचे भाडे आमच्या आवाक्यात नव्हतेच. सोसायटीच्या समितीची परवानगी घेऊन नौपाड्यातील एका जुन्या तीन मजली इमारतीच्या चौकात वाचन केले. वाचक चौघेच, प्रत्येकाचे स्वतंत्र स्टँड आणि स्वतंत्र माइक, मध्ये सहा फुटांचे अंतर. श्रोते आपापल्या गॅलरीत. खालून वर ऐकवायचे असल्यामुळे साउंडबॉक्स तिरपे ठेवावे लागले, आणि मुखपट्टीतून ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ ही अक्षरे बोथट होत असल्याने वाचनाची गती बरीच कमी करावी लागली. पहिला हशा तिसऱ्या मजल्यावरून आला. तेव्हा चौघांनाही संहितेतली जागा सापडेना, इतके दिवस आम्ही हशाशिवाय वाचत होतो.

दुसरी लाट आणि नंतर

एप्रिल २०२१ मध्ये सर्व काही पुन्हा बंद झाले. त्या दोन महिन्यांत आम्ही वाचन केले नाही. गुरुवारची बैठक मात्र भरत राहिली. कोणाला डबा हवा, कोणाला औषध, एवढेच बोलणे होई. नेरुळ आणि सानपाड्याचे सभासद तर लोकल बंद असल्यामुळे वर्षभर प्रत्यक्ष भेटलेच नव्हते. एरवी प्रदर्शने भरतात ते वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र तेव्हा कोविड केंद्र झाले होते. लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलने प्रवास करता येऊ लागला, तेव्हा ही मंडळी ट्रान्सहार्बर मार्गाने ठाण्याला आली. त्याच महिन्यात व्यावसायिक रंगकर्मींनी आपल्या मागण्यांसाठी आंदोलन केले. नाट्यगृहे पुन्हा उघडायला २२ ऑक्टोबर उजाडला.

सध्या

श्रुतिका आम्ही सोडलेली नाही. नवी मुंबईतील सभासदांसाठी महिन्यातील एक गुरुवार ऑनलाइनच ठेवला आहे, आणि संहितेचे पहिले वाचन त्याच दिवशी होते.

भरून काढायचे आहे ते आवाजाचे नुकसान. दोन वर्षे तोंडाजवळच्या फोनसाठी वाचल्यामुळे सर्वांचा स्वर खाली आला आहे, वाक्याचा शेवट घशातच राहतो आणि श्वास छातीच्या वरच्या भागातून घेतला जातो. तरुण सभासदांपैकी काहींनी तर माइकशिवाय सभागृहात वाचलेलेच नाही. म्हणून बैठकीचा पहिला अर्धा तास आता फक्त आवाजासाठी आहे : एकाने खोलीच्या एका टोकाला उभे राहून वाचायचे, दुसऱ्याने दाराबाहेर जिन्यात थांबायचे, आणि बाहेरच्याने प्रत्येक वाक्याचे शेवटचे क्रियापद उच्चारून दाखवायचे. ते चुकले, तर वाक्य पुन्हा. तबलजी आणि गायक समोरासमोर बसून पहिल्या दोन गुरुवारी केवळ ठेक्यावर सरगम म्हणत होते. पदाला या आठवड्यापासून सुरुवात केली आहे. देवलांच्या एका संहितेचे संक्षिप्त वाचन पावसाळ्यापूर्वी त्याच चौकात करायचे आहे, या वेळी माइकशिवाय, आणि श्रोत्यांच्या खुर्च्या खाली मांडून.