नळ गळतोय? आधी वॉशर बघा

आज एकदाचा प्लंबर मिळाला! शेजारच्या काकूंनी नंबर दिला, म्हणाल्या, "सांगितलेल्या वेळेला येतो." प्लंबरसाठी याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसेल.

आल्या आल्या बेसिनखालचा अँगल कॉक (नळाकडे जाणारं पाणी बंद करायची छोटी चावी) बंद केला, नळाचं डोकं उघडलं आणि आतला रबरी वॉशर माझ्या तळहातावर ठेवला. पार चपटा, मधोमध गोल खाच पडलेली. "याच्यासाठी अख्खा नळ कशाला बदलायचा?" नवा वॉशर बसला, टपटप बंद.

मग फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकला. फ्लश न करताच थोड्या वेळाने भांड्यात रंग उतरला, म्हणजे टाकीच्या तळाचं रबर गेलंय. कितीतरी पाणी असंच वाहत असणार. अख्ख्या घराचं पाणी बंद करणारा मेन व्हॉल्व्हही फिरवून बघितला, तर जाम! दोन्ही कामं उद्यावर.