दिवा बंद, टिकटिक सुरू

ऑडिओच्या तक्रारींत मला हम, म्हणजे स्पीकरमधून सलग येणारी घुमघुम, सगळ्यात बरा वाटतो. अ‍ॅम्प लावला की हजर, बंद केला की गेला, मधे लपाछपी नाही. अर्थिंग बघा, फिल्टर कपॅसिटर बघा, बहुतेक वेळा तासाभरात निकाल लागतो. टिकटिकीचं तसं नाही. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "अहो, रोज येतो आवाज." आणि आपण बॅग उघडून समोर बसलो, की पाहुण्यांपुढे गाणं म्हणायला उभं केलेल्या पोरासारखा तो गप्प.

प्रभात रोडच्या एका जुन्या इमारतीतल्या काकांचं प्रकरण याच जातीचं. घरात डमडमच्या कारखान्यातून निघालेल्या एचएमव्हीच्या एलपींनी भरलेलं कपाट, ऐंशीच्या दशकातला देशी अ‍ॅम्प्लिफायर, बेल्टवर चालणारं टर्नटेबल आणि मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारी डबी. दिवसा ते काही लावत नाहीत. रात्री जेवणं झाली, रस्ता शांत झाला, की दिवे घालवून खुर्चीत बसायचं आणि एक बाजू पूर्ण ऐकायची, हा नेम.

"दिवाळीपासून सुरू झालंय," काका फोनवर म्हणाले. "टिक होतं. मग थोडा वेळ नाही. मग परत टिक. द्रुतात कळत नाही, पण विलंबितात दोन आवर्तनांच्या मधे नुसता तानपुरा असतो ना, तिथे जीव जातो."

"रेकॉर्डवर ओरखडा नाही ना?"

"ओरखडा मला कळतो हो! कुठलीही रेकॉर्ड लावा, येतंच."

आधी एका मेकॅनिकने अ‍ॅम्प दुकानात नेऊन बरेच दिवस ठेवला होता. फिल्टर कपॅसिटर बदलले, स्पीकरचा रिले बदलला, बिल लावलं. दुकानात एकदाही टिक आली नाही. घरी आणल्यावर त्याच रात्री आली.

अशा तक्रारीत मी पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही, घड्याळ घेतो. टिकटिकीचा वेळ मोजला की निम्मे संशयित बाद होतात. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. आडवा ओरखडा असेल तर टिक बरोबर त्या ठेक्यावर पडते, तालाला सोडून. ७८ च्या तबकडीवर हेच अंतर पाऊण सेकंदाच्या थोडं वर. फ्रिजचा थर्मोस्टॅट असेल तर दोन टिकांच्या मधे बरीच मिनिटं जातात आणि पाठोपाठ कॉम्प्रेसरची घरघर येते. स्टॅटिकला वेळच नसतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी पडली की रेकॉर्ड पाकिटातून काढताना हाताच्या लवेला ओढते, आणि मग सुई खाली असताना कुठेही चट्ट होतं. ट्यूबलाइटचा मरणाला टेकलेला स्टार्टर असेल तर टिकांचा नुसता पाऊस पडतो. आणि पोरांचे कॉम्प्युटर आणि डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी डबी) वाले सेट असतील तर दोन उपकरणांची घड्याळं जुळत नाहीत, हा वेगळाच रोग: ४८ किलोहर्ट्झवर लाखात दोनचा फरक असला तरी सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल मागेपुढे होतं, आणि बफर, म्हणजे मधली तात्पुरती साठवण, भरला किंवा रिकामा झाला की टक. काकांकडे यातलं काहीच नव्हतं. मोबाइलसुद्धा ते गाणं ऐकताना आतल्या खोलीत ठेवतात.

काकांना म्हटलं, टिक आली की सेकंदकाट्याकडे बघून आकडा लिहून ठेवा. त्यांनी वीजबिलाच्या पाठीमागे बॉलपेनने रकाने आखून ठेवले होते. सात, सात, आठ, सात, सहा, सात. शेवटी कंसात "रागाचा संबंध नाही" अशी टीप. इतकी चोख नोंद मला आजवर दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाने दिलेली नाही.

सात सेकंद हा फार विचित्र आकडा. फिरणाऱ्या कुठल्याच भागाशी तो जुळत नव्हता. बेल्टला एखाद्या जागी खाच असती तर फेऱ्याशी संबंध दिसला असता. म्हणजे कुठेतरी काहीतरी हळूहळू भरत होतं आणि एकदम रिकामं होत होतं. हा कपॅसिटरचा स्वभाव. पण कुठला कपॅसिटर?

दुपारी गेलो तेव्हा अर्थातच काही नाही. रॅक दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. काकांनी अगत्याने वरचा भिंतीवरचा दिवा लावून दिला, मी तासभर कान लावून बसलो, थोडा हम सोडला तर सगळं शांत. हमबद्दल काका म्हणाले, "तो चालायचाच, जुना अ‍ॅम्प आहे." मला ते पटलं नव्हतं, कारण फिल्टर कपॅसिटर कोरे करकरीत होते.

मग एका रात्री जेवून गेलो. काकांनी नेहमीसारखे दिवे घालवले, वसंतरावांची एलपी लावली. मी डोक्याला बांधायचा टॉर्च लावून रॅकपाशी जमिनीवर बैठक मारली. मिनिटसुद्धा झालं नाही आणि आली. टिक. ओरखड्याची टिक कोरडी, बारीक असते. ही जराशी भरलेली होती, दोन्ही स्पीकरमधून सारखीच.

आता काम सरळ होतं. व्हॉल्यूम कमी केला, टिकही कमी झाली, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या खुंटीच्या आधीच आत शिरते. सिलेक्टर टेपवर फिरवला, टिक बंद. परत फोनोवर, म्हणजे टर्नटेबलच्या इनपुटवर, परत टिक. सुई उचलली, प्लॅटर (रेकॉर्डखालची फिरती थाळी) थांबवला, तरी टिक येतच राहिली. काका अंधारातून म्हणाले, "बघा! वसंतराव सुटले!" टर्नटेबलची पिनही सॉकेटमधून काढली, तरी फरक नाही. माझ्याकडे दोन आरसीए पिना आहेत, आतल्या आत शॉर्ट करून सोल्डर केलेल्या. टर्नटेबलच्या वायरी काढून त्या फोनोच्या इनपुटला लावल्या आणि स्वच्छ शांतता पसरली. अ‍ॅम्प निर्दोष. त्याचे कपॅसिटर आणि रिले उगाचच गेले.

राहिलं काय, तर कार्ट्रिज, टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) केसासारख्या बारीक तारा आणि मीटरभर केबल. कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल असतो पाचेक मिलिव्होल्टचा. फोनोचा प्रीअ‍ॅम्प त्याला शंभर पट करतो, खर्जाला तर त्याहून बराच जास्त. त्यामुळे या तारा अँटेना व्हायला कायम तयार असतात. टोनआर्मच्या धातूला बोट लावलं. हम एकदम खाली बसला, टिकही बसली. टॉर्च मागे मारला तर टर्नटेबलची ती बारीक हिरवी अर्थची वायर, टोकाला चिमटीसारखा लग असलेली, भिंतीच्या कडेला धुळीत पडलेली. दिवाळीआधी घराला रंग दिला होता, तेव्हा रॅक सरकवताना निसटली असणार. अ‍ॅम्पच्या मागच्या जीएनडी स्क्रूखाली ती आवळली आणि हम गेला तो गेलाच. बरेच दिवस दुकानात ठेवून जे झालं नव्हतं ते एका स्क्रूवर झालं. वस्तू उचलून नेली की तिच्याभोवतीचं घर मागे राहतं, म्हणून मी शक्यतो सेट जागेवरच बघतो.

टिक मात्र मेली नव्हती, मंद झाली होती. आवाज मोठा केला की तिथेच, सात सेकंदांनी. काका म्हणाले, "एवढी चालेल." मला चालणार नव्हती.

बॅगेत माझा एक जुना खिशातला ट्रान्झिस्टर असतो. मीडियम वेव्हवर, पुणे आकाशवाणीच्या ७९२ पासून लांब, जिथे नुसती खरखर असते तिथे काटा ठेवायचा आणि घरभर फिरायचं. ठिणगी कुठेही उडो, हा लगेच सांगतो. आतल्या फेराइट रॉडमुळे त्याला दिशाही कळते: रेडिओ फिरवत गेलं की एका कोनात आवाज पार पडतो, तेव्हा रॉडचं टोक उगमाकडे असतं. स्वयंपाकघरात टिक ऐकूच आली नाही. पॅसेजमध्ये पुसट. दिवाणखान्यात स्पष्ट. रॅकच्या वर, भिंतीवर, त्या घालवलेल्या दिव्याजवळ रेडिओ नेला तर कानठळ्या.

दिव्याला पितळी नक्षीची झाकणवाली शेड, उजेड भिंतीवर पाडणारी. टॉर्च बंद करून मान वाकडी करून वरून आत बघितलं. रेडिओत टिक झाली त्याच क्षणी शेडच्या आत बल्ब काजव्याएवढा लुकलुकला.

काकू दारात उभ्या होत्या. "तो लुकलुकतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी यांना सांगितलं होतं. म्हणाले, गाडीचा उजेड असेल."

काकांनी खुर्चीतून काही उत्तर दिलं नाही.

रंगाच्या वेळी काकूंनी जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब काढून एलईडी लावला होता. कोडं तिथेच सुटलं. बल्ब काढून होल्डरला टेस्टर लावला, बटण बंद असताना. टेस्टर पेटला. एकट्या टेस्टरवर माझा विश्वास नसतो, शेजारच्या वायरीतून उतरलेल्या व्होल्टेजवरही तो पेटतो. म्हणून टेस्ट लॅम्पचं एक टोक होल्डरच्या त्या पिनला आणि दुसरं जवळच्या सॉकेटच्या न्यूट्रलला लावलं. दिवा पूर्ण पेटला. म्हणजे इमारत बांधली तेव्हाच कुणा वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलं होतं. बटण बंद केलं तरी बल्बपर्यंत फेज हजर, फक्त परतीचा रस्ता तुटलेला.

आणि तोही पुरता तुटलेला नसतो. बल्बपासून बटणापर्यंतची वायर भिंतीतल्या पाइपात दुसऱ्या वायरींना चिकटून जाते. चिकटलेल्या दोन वायरी म्हणजेच एक छोटासा कपॅसिटर, आणि एसी त्याच्यातून थोडी तरी जातेच. मायक्रोअँपिअरच्या हिशेबात, पण जाते. साठ वॉटच्या बल्बला पाव अँपिअर लागतो, त्याला या थेंबांची दखलही नव्हती, म्हणून इतकी वर्षं चूक कुणाला दिसली नाही. एलईडीच्या पोटात मात्र ड्रायव्हरचं सर्किट असतं आणि त्यात एक साठवणीचा कपॅसिटर. तो त्या थेंबांवर भरत राहतो. पुरेसा भरला की ड्रायव्हर जागा होतो, एलईडीला झटका देतो, कपॅसिटर रिकामा होतो, सगळं परत निजतं. या बल्बला भरायला सात सेकंद लागत होते. त्या झटक्याला भिंतीतल्या लटकत्या वायरीचं व्होल्टेज दचकून हलतं, वायर नेमकी टर्नटेबलच्या मागून उतरते, आणि त्या टर्नटेबलला अर्थ नाही.

दुपारी काही न सापडण्याचं कारणही हेच. मला दिसावं म्हणून काकांनी तो दिवा लावला होता. लावलेला बल्ब सलग चालतो, लुकलुकत नाही. मेकॅनिकच्या दुकानात तर तो दिवाच नव्हता.

त्या रात्रीपुरता बल्ब काढून ठेवला. काकांनी आवाज नेहमीपेक्षा बराच वर नेऊन पूर्ण बाजू ऐकली, मीही ऐकली. चहा झाला.

बल्बच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू जातीचा, म्हणजे थेट घरच्या विजेवर लावता येणारा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर टाकला की असली लुकलुक थांबते. तापकीर गल्लीत तो सहज मिळतो. टू-वे बटणाच्या लांब वायरिंगमध्ये, जिथे बटण फेजवर असूनही गळती होते, तिथे मी तो टाकतो. इथे टाकला नाही. बटण बंद करून निवांत बल्ब बदलणाऱ्या माणसाच्या हाताखाली जिवंत फेज ठेवून नुसती टिकटिक बंद करणं मला मान्य नव्हतं. ओळखीचा वायरमन दुसऱ्या दिवशी पाठवला. त्याने बोर्ड उघडला तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही काळ्या वायरींत. "तेव्हा जी मिळायची ती ओढायचे," तो म्हणाला, आणि बटण फेजवर घेऊन दहा मिनिटांत मोकळा झाला. बल्ब परत लावला, रेडिओ जवळ धरला, नुसती खरखर.

तो हत्यारं गुंडाळायला लागला तेव्हा काकूंनी विचारलं, "एक पॉइंट उलटा आहे म्हणजे बाकीचेही असतील ना?" वायरमनने माझ्याकडे बघितलं. मी टेस्ट लॅम्प त्याच्या हातात दिला. बाथरूमचा आणि गॅलरीतला दिवा, दोन्ही न्यूट्रलवरच निघाले. स्टूल धरायला काका स्वतः उठले.