बंदीचे दोन महिने आणि भावाची अक्कलदाढ

आमच्या हर्णै बंदरावर पैसा असतो तेव्हा वेळ नसतो आणि वेळ असतो तेव्हा पैसा नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि घरात येणारा वाटा थांबलेला. दाताचं दुखणं मात्र हंगाम बघून येत नाही.

माझा धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. त्याची अक्कलदाढ ऐन मार्चमध्ये ठणकायला लागली. फेरी चुकली की त्या फेरीचा वाटा गेला, वर हंगामाच्या सुरुवातीला घेतलेली उचल फिटायची होती. म्हणून लवंग दाबून, उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या गिळत तो समुद्रावर जात राहिला. मे महिन्यात उतरला तेव्हा गाल सुजलेला, तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. मी टॉर्च धरून आत बघितलं. शेवटच्या दाढेचं नुसतं टोक वर आलेलं, त्यावर हिरडीची लालबुंद झालर आणि तिच्याखाली भाताचं शीत अडकलेलं. ब्रश तिथे पोचतच नाही. अन्न साठतं, कुजतं आणि सूज पुन्हा पुन्हा येते. गोळीने ठणका थांबतो, पण झालरीखालचं ते तसंच राहतं.

दापोलीतल्या खासगी दवाखान्यात आठ हजार सांगितले, एक्स-रेचा फोटो आणि औषधं वेगळी. डॉक्टर भले होते, त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. सरळ वर आलेली दाढ कुठलाही दाताचा डॉक्टर चिमट्याने काढतो. आडवी असेल तर हिरडी कापावी लागते, थोडं हाड घासावं लागतं, दाढेचे तुकडे करून ते एकेक काढावे लागतात. खालच्या जबड्यात शेजारूनच ओठाला जाणारी नस जाते. त्यामुळे हे काम सर्जनचं, आणि तो बाहेरगावाहून ठरलेल्या दिवशी येतो. पैसे त्याचे. त्यांचं म्हणणं मला पटलं, पण बंदी तोंडावर आलेली आणि घरात तेवढी रक्कम नव्हती.

म्हणून आम्ही उपजिल्हा रुग्णालयात गेलो. तिथे दाताचे डॉक्टर बसतात हे बंदरावर कितीतरी जणांना माहीत नाही! १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत पैसे लागत नाहीत. सरळ दाढ असती तर तिथेच काम झालं असतं. त्यांनी सूज उतरायला औषध दिलं. तोंड उघडत नसताना आणि सूज भरात असताना सहसा दाढेला हात लावत नाहीत. आडवी दाढ म्हणून खेडला जायची चिठ्ठी दिली.

खेडला दंतवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा कॉलेजच्या रुग्णालयात शिकणारे डॉक्टर काम करतात, वरचे सर शेजारी उभे असतात, आणि दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. आईला शिकाऊ हातांची भीती होती. मी स्वतः बघितलं ते सांगते: शिकाऊ मुलीने फोटो उजेडावर धरून भावाला नस कुठून जाते ते बोटाने दाखवलं. म्हणाली, “दादा, दुखणार नाही, पण दाबल्यासारखं वाटेल, तेव्हा घाबरू नका.” वेळ जास्त लागला हे खरं. एकदा सरांनी हत्यार हातात घेतलं, दाढ कापली आणि परत तिच्या हातात दिलं. एवढ्या निगुतीने आमच्याशी फार कमी ठिकाणी कुणी वागलं आहे.

फोटो, दाढ, टाके, औषधं आणि एसटी धरून दोन हजारांच्या आत भागलं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून सोबत जाणं मला परवडलं. औषधं जनऔषधी केंद्रातून घेतली. ज्यांचं कुणी मुंबईत आहे त्यांना सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय हेही मार्ग आहेत.

खरा कस नंतर लागला. भाऊ तंबाखू खातो. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्याखालीच जखम भरते. तंबाखू, विडी किंवा जोराने थुंकण्याने ती निघाली तर दोन-तीन दिवसांनी हाड उघडं पडून आधीपेक्षा भयंकर कळा येतात. पहिला दिवस चूळसुद्धा भरायची नव्हती, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच. मी त्याची पुडी काढून घेतली आणि गार पेज दिली. तो चिडला, मी ऐकलं नाही.

दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ सरळ आहे आणि त्रास देत नाही, म्हणून कॉलेजात ती काढायची नाही म्हणाले. मला हे फार बरं वाटलं.

आता त्याच्या बोटीवरचे दोघे गाल धरून आमच्या ओटीवर येऊन बसतात. त्यांना मी सांगते, आधी सरकारी दवाखान्यात जाऊन दाढ सरळ की आडवी ते विचारा, सगळा खर्च त्यावर ठरतो. जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, ताप भरला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र पैशाचा विचार न करता तसेच रुग्णालय गाठा. असं काही नसेल तर जूनमध्येच उरकून घ्या. टाके निघायला आठवडा लागतो, जखम भरायला त्याहून जास्त, आणि १ ऑगस्टला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, हाक मारणारच.