सांगलीत बसून पायरेट्सची कार्डं जमवताना

बेसबॉलच्या एका संघाची कार्डं (खेळाडूंची चित्रं छापलेली) जमवायला बसलं की काय घ्यायचं नाही ते आधी ठरवावं लागतं. ही कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीचा मुख्य संच वर्षातून तीन भागांत येतो: सीरिज वन, सीरिज टू आणि अपडेट. अलीकडे प्रत्येक भागात ३५० कार्डं असतात आणि संघ आहेत ३०. म्हणजे एका भागात एका संघाच्या वाट्याला अकरा-बारा कार्डं, वर्षाची पस्तीसेक. एवढं कुणालाही झेपतं. पण त्याच कार्डाच्या रंगीत आवृत्त्या निघतात, त्यांना पॅरलल म्हणतात. सोनेरी आवृत्ती वर्षाच्या आकड्याइतकी छापतात, म्हणजे २०२४ ची २०२४ नग. पुढे आकडा घटत घटत एकुलत्या एका कार्डापर्यंत येतो. यांच्या मागे लागलात तर संग्रह कधीच पुरा होणार नाही. एका खेळाडूचे पॅरलल जमवा हवे तर. संघाचा संग्रह मात्र साध्या कार्डांचाच ठेवावा.

संघ म्हणून पिट्सबर्ग पायरेट्स घेण्याला दोन कारणं आहेत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांना २००८ मध्ये करारबद्ध केलं ते याच संघाने. मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीपर्यंत, दोघेही पोचले नाहीत. रिंकू तर पुढे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीत गेला. ती कुस्ती आपल्या तालमीतल्या पैलवानांना दाखवू नये हे बरं. दुसरं कारण पैशाचं. वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, या संघाने पाचदा जिंकली (१९०९, १९२५, १९६०, १९७१, १९७९), पण १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त. हरणाऱ्या संघाच्या साध्या कार्डांना गिऱ्हाईक कमी, त्यामुळे यँकीज किंवा डॉजर्स या संघांच्या मानाने पायरेट्सचा वर्षाचा संच स्वस्तात पडतो. अपवाद पॉल स्कीन्स या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा). २०२४ मध्ये तो आला आणि त्याच्या पदार्पणाच्या जर्सीवरचा बिल्ला लावलेलं एकुलतं एक कार्ड मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरच्या वर गेलं. त्याचं साधं कार्डही बाकीच्यांपेक्षा महाग आहे. ते आधी घेऊन टाकायचं, उरलेले चिल्लर सावकाश.

जुन्या कार्डांकडे वळलात की "हे आपल्या संघाचं कार्ड का?" हा वाद सुरू होतो. विली स्टार्जेलचं पहिलं कार्ड म्हणजे १९६३ चं टॉप्स क्रमांक ५५३. त्यावर चार नवखे आहेत आणि त्यांतला पायरेट्सचा एकटा स्टार्जेल. तरी ते संग्रहात हवंच, असं माझं मत. उलट पायरेट्स सोडून जायंट्स संघात गेलेल्या बॅरी बाँड्सचं जायंट्सच्या गणवेशातलं कार्ड नको, तो कितीही मोठा झाला तरी. स्टार्जेलचं ते कार्ड महाग असण्यामागे छपाईचं गणित आहे. १९७३ पर्यंत टॉप्स कार्डं टप्प्याटप्प्याने बाजारात आणायची. शेवटचा टप्पा येईपर्यंत हंगाम सरत आलेला असायचा आणि दुकानदार माल कमी उचलायचे. म्हणून मोठ्या क्रमांकाची कार्डं दुर्मीळ झाली. १९७४ पासून सगळी ६६० कार्डं एकदम आली आणि ही भानगड संपली. तेव्हा १९७३ पर्यंतच्या वर्षांची यादी करताना मोठे क्रमांक वेगळे काढा आणि पैसे त्यांच्यासाठी राखून ठेवा.

पायरेट्सच्याच रॉबर्टो क्लेमेंटेचं पहिलं कार्ड १९५५ चं, क्रमांक १६४. ते बऱ्या अवस्थेत घ्यायचं तर नोकरदाराला कर्ज काढावं लागेल. त्याऐवजी साठच्या दशकातलं कोपरे झिजलेलं एखादं घ्या. टॉप्सने त्याचं नाव कित्येक वर्षं "बॉब" असं छापलं, त्यामुळे विक्रेत्यांच्या यादीत "रॉबर्टो" शोधून न सापडणारी कार्डं "बॉब" शोधल्यावर सापडतात. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. १९७३ चं क्रमांक ५० हे कार्ड त्यानंतर बाजारात आलं, आणि त्याच्या बाकीच्या कार्डांच्या मानाने ते अजून आवाक्यात आहे.

सगळी वर्षं झेपत नसतील तर एक छोटा संग्रह सुचवतो. १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सने मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकेतले कृष्णवर्णीय होते. मेजर लीगमध्ये तसं पहिल्यांदाच घडत होतं. स्टेनेट, क्लाइन्स, क्लेमेंटे, स्टार्जेल, सँग्विलेन, कॅश, ऑलिव्हर, हर्नांडेझ आणि पिचर डॉक एलिस. नऊ कार्डं, नऊ खणांचं एक पान. मात्र सगळी १९७१ च्या संचातून मिळणार नाहीत. स्टेनेटचं पदार्पणच त्या वर्षीच्या जुलैतलं, त्यामुळे त्याचं १९७२ चं घ्यावं लागतं.

१९७१ च्या कार्डांची कड काळी आहे. जरा घासलं की खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो. म्हणून कोऱ्या कडेला दाम जास्त, आणि म्हणूनच त्या कडेवर काळं मार्कर फिरवून विकणारेही आहेत. कार्ड हातात आलं की दहापट भिंगाखाली कड बघा. छापलेली काळी शाई कडेशी थांबते, मार्करची शाई पुठ्ठ्याच्या जाडीत उतरते आणि टॉर्च तिरपा धरला की जांभळट चमकते. सराफ वापरतात ते भिंग चालतं. सराफ कट्ट्यावर चौकशी केली तर कुठे मिळतं ते कळेल. कापलेलं कार्डही असंच पकडता येतं. झिजलेले कोपरे लपवायला चारी बाजूंनी केसभर कापतात. त्याच संचातलं दुसरं कार्ड त्याच्यावर ठेवून बघा. नवी कड जास्त धारदार लागते आणि मध्यभागी किंचित आत गेलेली असते.

नक्कल ओळखायलाही तेच भिंग. जुन्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असलं तरी नावाची अक्षरं आणि चौकटीच्या रेघा सलग शाईच्या असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची होतात. होनस वॅग्नरचं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड (१९०९ ते १९११ चा टी२०६ संच) पायरेट्सचंच. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२.५ लाख डॉलरला गेली. कुणी ते काही हजार रुपयांत देऊ करत असेल तर भिंगही काढू नका.

१९८७ ते १९९२ ही वर्षं सर्वांत सोपी. कंपन्यांनी इतकी छापली की आजही पेट्याच्या पेट्या पडून आहेत. १९८७ च्या लाकडासारख्या दिसणाऱ्या कडेच्या टॉप्स संचात बाँड्सचं क्रमांक ३२० आहे, आणि तेही स्वस्त. या काळाची कार्डं सुटी घेऊ नका. संघाचा अख्खा संच एकदम घ्या, नाहीतर टपालखर्च कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त पडतो. २०१० नंतरच्या पानीनी कंपनीच्या कार्डांवर संघाचं चिन्ह नाही, कारण तिच्याकडे परवाना खेळाडूंच्या संघटनेचा होता, लीगचा नव्हता. टोपीवरचं अक्षर पुसलेलं आणि "पिट्सबर्ग" एवढंच लिहिलेलं कार्ड संघाच्या संग्रहात घ्यायचं का ते ज्याचं त्याने ठरवावं. मी घेणार नाही.

यादीसाठी ट्रेडिंग कार्ड डेटाबेस हे संकेतस्थळ पुरतं. संघ आणि वर्ष निवडलं की क्रमांकांसकट यादी येते आणि आपल्याकडचं त्यात टिपून ठेवता येतं. खरेदी करताना एकेक कार्ड मागवू नका. सीओएमसीसारख्या संकेतस्थळावर अनेक विक्रेत्यांची कार्डं आपल्या नावावर साठत जातात आणि मग एकच पार्सल मागवता येतं. कस्टमची आकारणी कार्डाची किंमत, टपाल आणि विमा धरून होते, आणि कुरियर वर आपला हाताळणी खर्च लावतो. तो खर्च पाच कार्डांना जवळपास तेवढाच आणि दीडशेंनाही. विक्रेत्याला "गिफ्ट" लिहायला सांगू नका. खोटी किंमत लिहिली आणि पार्सल गहाळ झालं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते.

आता सांगलीच्या हवेचं. कार्ड टिकवायचं तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर हवी. आपल्याकडे मार्च ते मे रखरखीत आणि जूनपासून सगळं सादळलेलं. साधं पुठ्ठ्याचं कार्ड हे बरंच सोसतं. क्रोम प्रकारचं सोसत नाही, कारण त्याच्या पुढच्या बाजूला चकचकीत फिल्म आणि मागे कागद असतो. पावसाळ्यात कागद पाणी ओढून पसरतो, फिल्म पसरत नाही, आणि कार्ड चेहऱ्याच्या बाजूने खोलगट होतं. उन्हाळ्यात उलटं. वाकलेलं कार्ड इस्त्रीखाली किंवा जाड पुस्तकाखाली दाबू नका, फिल्मला सुरकुती पडते. टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या पाकिटात) घालून आर्द्रता सांभाळलेल्या डब्यात काही आठवडे ठेवा, बरंचसं आपोआप सरळ होतं.

डबा म्हणजे रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा. दहा लिटरच्या डब्याला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. मापकाशिवाय सिलिका घालणं धोक्याचं आहे, कारण आकडा ३० च्या खाली गेला की कार्डं उलट बाजूला वाकतात. ४० च्या खाली दिसलं की एक पुडी काढा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. केशरी घ्या. ते हिरवे पडले की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. डबा मेमध्येच बंद करा. जुलैत भरलात तर पुठ्ठ्यात मुरलेला ओलावाही आतच कोंडला जातो आणि महिन्याभरात बुरशीचे ठिपके दिसतात. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा.

प्रत्येक कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पाकिटात), मग टॉपलोडरमध्ये. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे जाडीचं माप) टॉपलोडर, जर्सीचा तुकडा लावलेल्या जाड कार्डाला १३० किंवा जास्तीचा. नुसतं कार्ड टॉपलोडरमध्ये सरकवलं की कडा खरवडतात. साध्या कार्डांना नऊ खणांची पानं पुरतात, पण ती पॉलिप्रॉपिलीनची हवीत. पानाला नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते मऊ पीव्हीसी आहे. त्यातलं तेलकट द्रव्य काही वर्षांत कार्डावर उतरतं. गणपती पेठेत मिळणारे व्हिजिटिंग कार्डाचे अल्बम चालत नाहीत, कारण त्यांचे खण सुमारे दोन इंच रुंद आणि बेसबॉल कार्ड अडीच इंच. फोटोच्या अल्बममध्ये कार्ड आत हलत राहतं आणि कोपरे मोडतात. फाइल डी आकाराच्या कड्यांची घ्या. गोल कडी पहिल्या पानाच्या आतल्या खणांवर दाबते आणि कार्डांवर कायमचा चंद्रकोरी वळ उठतो. फाइल उभी ठेवायची.

रबरबँड लावू नका. मेच्या उकाड्यात ते वितळून चिकटतं. कसरीसाठी डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते. कडुलिंबाचा ओला पाला तर ओलावाच आत नेतो. घट्ट डब्यात कसर शिरत नाही, आणखी काही करावं लागत नाही.

गावभागात किंवा नदीकाठच्या पेठांत तळमजल्यावर राहत असाल तर पुराचं नियोजन वेगळं करा. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ४० ची वाट बघू नका, ३० ला डबे वरच्या मजल्यावर न्या. सगळे डबे एकाला एका फेरीत उचलता येतील एवढेच भरा. आठशे कार्डांच्या पुठ्ठ्याच्या लांब पेट्या ओल्या झाल्या की खालून फाटतात. तरी कार्डं भिजलीच तर गठ्ठा ओढून सोडवू नका. लगेच वेळ नसेल तर पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाका. दोन दिवसांच्या आत गोठवलं तर बुरशी थांबते. नंतर थोडी थोडी काढून स्वच्छ पाण्यात सोडा. ऐंशीच्या दशकापर्यंतची बिनचमकीची कार्डं पाण्यात आपोआप सुटतात. मग ती टिपकागदात घालून वजनाखाली वाळवायची, आणि टिपकागद पहिल्या दिवशी दर काही तासांनी बदलायचा. नव्वदीनंतरच्या चमकदार कार्डांचा लेप एकमेकांना चिकटला की ती वीट झाली समजा, तिच्यावर वेळ घालवू नका. पंचनाम्यात असल्या मालाचे पैसे मिळण्याची आशा धरण्यापेक्षा फाइलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मेलवर ठेवा. पुन्हा जमवायची वेळ आली तर आपल्याकडे काय काय होतं ते तरी कळेल.