शिक्षा स्थगित असताना अन्नपूर्णा बेस कॅम्प: आधी कोर्टाची परवानगी

‘नेपाळला पासपोर्टच लागत नाही, मग कोर्टाची परवानगी कशाला?’ पुण्यातल्या एका ट्रेक एजंटने मला छातीठोकपणे हे सांगितलं आणि लगेच आगाऊ रक्कम मागितली. साफ चुकीचा सल्ला आहे हा. अपिलात शिक्षा स्थगित असलेला माणूस यावर विसंबून सोनौलीची सीमा ओलांडून गेला, तर त्याचा जामीन रद्द होऊ शकतो.

माझा खटला रास्ता रोकोतला. भारतीय दंड संहितेचं कलम 353 (सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर), एक वर्ष साधी कैद, अपील प्रलंबित. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या, कलम 389 खाली शिक्षा स्थगित आहे (1 जुलै 2024 पासून तीच तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे बीएनएसएसच्या, कलम 430 मध्ये आहे). स्थगितीच्या आदेशात बहुतेक वेळा एक अट असते: पूर्वपरवानगीशिवाय भारताबाहेर जायचं नाही. मतदार ओळखपत्रावर नेपाळमध्ये जाता येतं, पण ते भारताबाहेरच आहे. आदेशाची प्रमाणित प्रत काढा, अटी स्वतः वाचा, मगच तिकिटं बघा.

परवानगीचा अर्ज ज्या न्यायालयात अपील आहे तिथेच करायचा. सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला जातो, ते पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात, आणि सगळं तिथेच अडतं. तपास अधिकारी बंदोबस्तावर, फाईल दुसऱ्या टेबलावर, पुढची तारीख, मग त्याच्याही पुढची. संपूर्ण प्रवासात मला इतकं कशानेच थकवलं नाही. हंगामाच्या निदान दोन-तीन महिने आधी अर्ज टाका. ‘आतून करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाने माझ्याकडे वकिलाच्या फीहून जास्त पैसे मागितले. एक रुपयाही देऊ नका. अशा कामाची पावती नसते आणि उपयोगही नसतो.

अर्जात प्रवासाच्या तारखा, मार्ग आणि राहण्याचे पत्ते द्या, पण दिवस ट्रेकपेक्षा आठवडाभर जास्त मागा. उंचीचा त्रास झाला किंवा पोखऱ्याचं विमान रद्द झालं, तर तुम्ही मुदतीबाहेर जाता आणि ते कोर्टाला समजावणं कठीण जातं. पासपोर्ट हवा असेल तर तो किती वर्षांसाठी, हेही आदेशात लिहून घ्या. 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनुसार, खटला प्रलंबित असताना कोर्टाच्या आदेशावर पासपोर्ट मिळतो, पण आदेशात मुदत नसेल तर तो फक्त एका वर्षाचा. अनेक देश सहा महिन्यांची वैधता मागतात, म्हणजे त्यातलं अर्धं वर्ष वायाच.

ट्रेकबद्दल थोडक्यात. अन्नपूर्णा क्षेत्राच्या परमिटला सार्क नागरिकांसाठी 1,000 नेपाळी रुपये पडतात. वाटेवरच्या झिनू गावाहून छोम्रोंग गावाकडे चढणाऱ्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. देउरालीच्या पुढचा हिमस्खलनाचा पट्टा पहाटेच पार करा, उन्हं चढल्यावर तिथे थांबू नका. बेस कॅम्पवर, 4,130 मीटरवर उभं राहून अन्नपूर्णेच्या भिंतीकडे बघताना मी रडलो. परवानगीसाठी जेवढं सोसलं, ते सगळं वसूल झालं. बाकीचे दिवस सोपे होते.

दुसऱ्या देशांचा विचार करत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शिक्षा स्थगित झाली तरी दोषसिद्धी कायम असते. अमेरिकेच्या डीएस-160 या व्हिसा अर्जात अटक आणि दोषसिद्धी दोन्ही विचारतात, माफी मिळाली असली तरी सांगावं लागतं. ऑस्ट्रेलियात 12 महिने किंवा जास्त शिक्षा असेल तर ती स्थगित असली तरी चारित्र्याच्या कसोटीत मोजली जाते. जपानच्या आगमन कार्डावरही हा प्रश्न आहे, कुठल्याही देशातल्या गुन्ह्याबद्दल. लपवू नका. व्हिसा नाकारला गेला तर पुन्हा मागता येतो, पण खोटी माहिती एकदा नोंदली गेली की ती पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

येताना आणि जाताना आदेशाची प्रमाणित प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. सोनौलीने पायी गेलात तर शिक्का बहुधा बसत नाही, मग वेळेत परतल्याचा पुरावा राहत नाही. म्हणून शक्य असेल तर विमानानेच जा आणि बोर्डिंग पास जपा. परतल्यावर लगेच पुरसिस (परत आल्याचं कोर्टाला कळवणारं लेखी निवेदन) दाखल करा, बोर्डिंग पासची प्रत जोडून. अनामत रक्कम भरायला लावली असेल तर ती परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो, तोही त्याच दिवशी देऊन टाका.