टाकलं, ठेवलं, गेलो

सोमवार, इथे येऊन नववा दिवस

सकाळी साडेआठला ताईचा फोन. पुण्यात संध्याकाळचे सहा, तिची सिरियल सुरू व्हायच्या आत तिला बोलून घ्यायचं असतं. पहिलंच वाक्य, "काय गं, शेवटी टाकलंच का मुलांनी वृद्धाश्रमात?" मी म्हटलं अगं कोणी टाकलं नाही, आम्ही आमच्या पायांनी आलो, मुलं तर उलट एवढ्यात कशाला म्हणत होती. तिला काही ते पटलं नाही. "हो हो, तू कशाला सांगशील" म्हणाली आणि मग गुडघ्यांवर घसरली.

फोन ठेवल्यावर चहा घेऊन बसले आणि डोक्यात आलं, आपल्याकडे वृद्धाश्रमाला क्रियापदं दोनच, टाकणे आणि ठेवणे. मुलगा टाकतो, सून ठेवायला लावते, आणि म्हातारी बिचारी वाक्यात नुसती कर्म म्हणून बसलेली असते. "मी वृद्धाश्रमात गेले" असं म्हणणारी बाई मी तरी ऐकलेली नाही, आणि कोणी म्हणालीच तर ऐकणारा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. ताईने केलं तसं.

तसं हे वृद्धाश्रम नाहीये. इथे अमेरिकेत याला कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी म्हणतात, सीसीआरसी, २०१५ मध्ये लाइफ प्लॅन कम्युनिटी असं जरा सोनेरी नाव काढलंय पण आमच्यासारखे जुने लोक सीसीआरसीच म्हणतात. एकाच आवारात तिन्ही पायऱ्या. आधी आपलं आपलं अपार्टमेंट, स्वतःचं कुलूप स्वतःची किल्ली, मग अंघोळीला औषधांना मदत लागायला लागली की असिस्टेड लिव्हिंग, आणि त्याच्यापुढे नर्सिंग. दोघांपैकी एक पलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेलं तरी दुसरा चालत भेटायला जाऊ शकतो. मला सगळ्यात जास्त हेच हवं होतं, बाकी स्विमिंग पूल, सुतारकामाची खोली, सतरा कमिट्या वगैरे ठीक.

आमच्या पेनसिल्व्हेनियात या जागा खूप, आणि त्यात क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या लोकांचा हात मोठा, फोकवेज १९६७ ची, केंडल १९७३ ची. म्हणजे मी या देशात आले त्याच्याही आधीची. आम्ही दोन वर्षांत पाच ठिकाणं बघितली. पहिल्या ठिकाणी लॉबीत एवढं मोठं झुंबर होतं की हे म्हणाले, हे झुंबर आपण विकत घेतोय. (झुंबर कुठल्या बोल्टवर लटकलंय तेही बघत होते, स्ट्रक्चरल इंजिनियरची नजर.) तेव्हापासून मी नियमच केला, लॉबी बघायची नाही, सरळ नर्सिंगच्या मजल्यावर जायचं आणि दुपारी तीन वाजता जायचं, म्हणजे जेवणं झालेली असतात आणि टूरवाल्या बाईची तयारी नसते. कोणी व्हीलचेअरवर कॉरिडॉरमध्ये नुसतं लावून ठेवलंय का, बेल वाजली की कोण किती वेळाने येतं, वास कसला येतो. मेडिकेअरच्या (म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) साइटवर नर्सिंग होमना एक ते पाच स्टार दिलेले असतात तेही बघितले, पण नाकाने जास्त कळलं.

बुधवार

आज खोकी उघडायचा कंटाळा आला म्हणून काँट्रॅक्टची फाइल लावत बसले.

लोकांना वाटतं आपण घर घेतलं. घर नाही घेतलं, आपल्या नावावर एक वीटसुद्धा नसते. आधी एक मोठी एंट्रन्स फी, आमचं ३६ वर्षांचं घर विकून आले त्यातले बरेचसे तिकडेच गेले, आणि वर दर महिन्याची फी. काँट्रॅक्टचे मुख्य तीन प्रकार, ए, बी, सी. ए टाइप म्हणजे लाइफ केअर, आत शिरताना भरपूर द्या, मग उद्या नर्सिंगमध्ये जावं लागलं तरी महिन्याची फी साधारण तीच, दरवर्षीची वाढ आणि जेवणाबिवणाचे जास्तीचे सोडले तर. सी टाइप म्हणजे आत स्वस्तात या, पण पुढे जी काळजी लागेल तिचे बाजारभावाने मोजा. बी मधलं, काही दिवस फुकट किंवा सवलतीत आणि मग मोजा. ह्यांनी रात्र रात्र स्प्रेडशीट केली, कोण किती जगेल याचे वेगवेगळे कॉलम घालून. एका कॉलममध्ये मी ९४ पर्यंत जगते आणि हे ८१ ला जातात. मी विचारलं हा कॉलम का पिवळा केलाय, तर म्हणाले हाच महागात पडतो.

शेवटी ए घेतलं. कारण जेनवर्थ या विमा कंपनीच्या २०२३ च्या सर्व्हेत नर्सिंग होमच्या एका स्वतंत्र खोलीचा मधला आकडा वर्षाला १,१६,८०० डॉलर होता, आणि मेडिकेअर हे देत नाही हे इथे ४० वर्षं राहिलेल्या लोकांनाही माहीत नसतं. मेडिकेअर देतं जास्तीत जास्त १०० दिवस, तेही बरं होण्यासाठी नर्सिंग किंवा थेरपी चालू असेल तर, त्यातले पहिले २० दिवसच पूर्ण, आणि त्याआधी निदान ३ दिवस हॉस्पिटलमध्ये इनपेशंट म्हणून ॲडमिट असायला हवं. आमच्या मंडळातली एक मैत्रीण पडली, चार दिवस हॉस्पिटलच्या कॉटवर, सलाइन, सगळं, आणि नंतर कळलं की कागदोपत्री ती ॲडमिट नव्हतीच, "ऑब्झर्वेशन"खाली होती. ते दिवस धरत नाहीत. रिहॅबचं बिल घरून. तिच्या नवऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो, त्याच आठवड्यात आम्ही वेटिंग लिस्टवर नाव घातलं.

दुसरं एक कारण, ते मी मुलांना अजून सांगितलेलं नाही. पेनसिल्व्हेनियात जुना कायदा आहे, आईबाप निर्धन असतील तर मुलांनी पोसायचं. २०१२ मध्ये इथल्या सुपिरिअर कोर्टाने एका माणसाला त्याच्या आईचं नर्सिंग होमचं सुमारे ९३,००० डॉलरचं बिल भरायला लावलं. आई तोपर्यंत ग्रीसला निघून गेली होती! भारतात २००७ चा कायदा आहेच, मुलं बघत नसतील तर आईबापांनी जाऊन दाद मागायची, पण इथे आईबापांनी काही मागायचीही गरज नाही, नर्सिंग होमच मुलाला कोर्टात खेचतं. आमचा मुलगा टेक्सासात, दोन पोरांच्या कॉलेजच्या फिया, त्याच्या दारात असलं पाकीट जाऊन पडलेलं मला नको होतं.

मुलाने मात्र एक काम चोख केलं, काँट्रॅक्ट अक्षर न अक्षर वाचलं. एंट्रन्स फीचं रिफंडचं कलम. आमच्यात दर महिन्याला २ टक्के कमी होत जातात, म्हणजे ५० महिन्यांनी शून्य. ९० टक्के परत देणारं पण काँट्रॅक्ट मिळतं, त्याला आधी जास्त मोजायचे, आणि बऱ्याच ठिकाणी बारीक अक्षरात असतं की तुमचं अपार्टमेंट दुसऱ्या कोणी घेतलं की मगच पैसे. समजा कोणी घेतलंच नाही तर? संस्था बुडाली तर? तसं झालेलं आहे, २००९ मध्ये अशाच जागा चालवणारी एरिक्सनसारखी मोठी कंपनी बँकरप्सीत गेली होती. त्यामुळे त्याने डिस्क्लोजर स्टेटमेंट मागवलं, ते द्यावंच लागतं, इथे १९८४ पासून कायदा आहे आणि बघायला इन्शुरन्स डिपार्टमेंट. किती अपार्टमेंट भरलेली, किती दिवस पुरतील एवढी रोकड हातात, दर वर्षी फी किती वाढवली. मला विचाराल तर हा शेवटचा आकडा लॉबीपेक्षा शंभरपटीने बघण्यासारखा.

सही केल्यावर ७ दिवस असतात, तेवढ्यात मन बदललं तर पैसे परत. त्या सात दिवसांत हे रोज सकाळी विचारायचे, "आज कितवा दिवस गं?" मला वाटायचं गंमत करतायत.

बुधवारच, रात्री

झोप येत नाहीये तर ते पण लिहून टाकते.

सगळे म्हणतात तुम्ही किती लवकर गेलात, अजून धडधाकट आहात. पण इथलं गणितच उलटं आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात ते ठीक, पण इथे तहानलेल्याला विहीर विकतच नाहीत. लाइफ केअरचं काँट्रॅक्ट हवं तर आत येताना स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे, डॉक्टरचे कागद, तपासणी, आणि मेमरीची टेस्ट. दोघांपैकी एक नापास झाला तर मग अटी बदलतात, किंवा नाहीच म्हणतात.

ह्यांचं गेल्या दिवाळीपासून थोडं चाललंय. थोडंच. एकदा गाडी घेऊन लायब्ररीत गेले आणि चालत परत आले. एकच गोष्ट दोनदा सांगतात, पण ती तर हे पंचवीस वर्षांपूर्वीही सांगायचे. मी कोणाला बोलले नाही. मुलीलाही नाही.

टेस्टला आधी मला आत घेतलं. पाच शब्द सांगितले, मग इकडचं तिकडचं करून घेतलं, घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि मग ते पाच शब्द परत विचारले. मला पाचही आले. बाहेर आले तर हे खुर्चीत बसलेले, मांडीवर टोपी. माझ्या डोक्यात लख्ख आलं, ह्यांनाही बहुतेक तेच पाच शब्द विचारतील. सांगून टाकावेत. अगदी ओठांवर आले. नाही सांगितले, आणि ते काही मी सज्जन म्हणून नाही, नर्स तिथेच उभी होती म्हणून.

पाऊण तासाने हे बाहेर आले. नर्स मला म्हणाली, इतकं सुंदर घड्याळ कोणी काढलेलं मी बघितलं नाही. काढणारच! आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर गेलेली. शब्द आले तीन. तीन चालतात म्हणे, बाकीचं सगळं बरोबर होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला स्वतःची लाजही वाटली, कारण मला आनंद झाला होता तो हे बरे आहेत म्हणून नाही, तर हे पास झाले म्हणून.

गाडीत बसल्यावर, सीटबेल्ट लावता लावता म्हणाले, "ते बाकीचे दोन काय होते गं?" मी सांगितले. "हां हां," म्हणाले. सिग्नलला परत विचारलं.

म्हणून ताईला परवा सकाळी मी एवढ्या जोरात म्हटलं ना आमच्या पायांनी आलो, ते माझ्यापुरतं खरं आहे. ह्यांनी स्प्रेडशीट केली, प्लॅन काढला, सही केली, सगळं केलं. पण त्या सात दिवसांत हे रोज कितवा दिवस विचारत होते ते मन बदलायला वेळ उरलाय का हे बघायला, की खरंच लक्षात राहत नव्हतं म्हणून, हे मी तेव्हा विचारलं नाही. घाई मी केली. वेटिंग लिस्टवर आमचा नंबर वर आला तेव्हा हे म्हणाले होते अजून एक उन्हाळा त्या घरात काढू, टोमॅटो लावू. मी नाही म्हटलं. उन्हाळा संपेपर्यंत पाचातले तीन राहतील याची मला खात्री नव्हती. आता यात टाकलं कोणी आणि गेलं कोण.

शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. पडदे लावले, इंटरनेट आलं. शेगडी काचेची आहे, गॅस नाही, फुलका फुगत नाही, पोळ्याच करायच्या आता. बेसमेंटमधून आणलेल्या ४१ खोक्यांतली ११ अजून बंद, त्यांच्यात काय आहे ते आठवत नाही याचा अर्थ लागतही नसणार, पण फेकवत नाही. ह्यांनी अपार्टमेंटचा प्लॅन काढून प्रत्येक फर्निचरचा कागदी तुकडा कापला होता, पाव इंचाला एक फूट, म्हणून सोफा दारातून आत आला. शेजारची ९१ वर्षांची बाई खास बघायला आली होती, तिच्या वेळी म्हणे सोफा तीन दिवस कॉरिडॉरमध्ये होता.

पोस्टाच्या पेट्यांजवळ एक छोटं टेबल आहे. त्यावर आज एका आजोबांचा फोटो आणि एक गुलाब. परवा जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी ह्यांना पुलांविषयी विचारलं होतं, म्हणजे नदीवरच्या, हे अर्धा तास बोलले होते. हे अजून लिफ्टमध्ये होते तेव्हाच मी तो फोटो बघितला आणि ह्यांना दुसऱ्या बाजूने घेऊन गेले. कशाला ते मला नीट सांगता येणार नाही, नऊदहा दिवसांच्या ओळखीत काय एवढं.

आणि काल संध्याकाळी हे जेवून पेपर आणायला खाली गेले ते वीस मिनिटं आले नाहीत. बघते तर खालच्या मजल्यावर, आमच्याच नंबरासारख्या दारापुढे, किल्ली लावतायत. सगळे कॉरिडॉर एकसारखे, तोच गालिचा, तेच दिवे, मी सुद्धा पहिल्या दिवशी चुकले होते. तसं मी ह्यांना सांगितलंही.

इथे प्रत्येक दाराशेजारी भिंतीत एक छोटी फळी असते, लोक त्यावर काही काही ठेवतात, चिनी मातीचे पक्षी, नातवंडांचे फोटो. आमची रिकामीच होती. आज मी एक बंद खोकं उघडलं आणि ह्यांची स्लाइड रूल काढली, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या आधीची गणिताची सरकती पट्टी, कॉलेजची, चामड्याच्या म्यानातली, आणि फळीवर ठेवली. हे भडकले. "चोरून नेली कोणी म्हणजे?" म्हटलं अहो, इथे सगळ्यांच्या दाराबाहेर वस्तू असतात. तर म्हणाले, त्या काय स्लाइड रूल आहेत?

शेवटी असं ठरलंय की सकाळी फिरायला निघताना हे ती बाहेर ठेवतात आणि रात्री झोपायच्या आधी आत घेतात. आज दोन्ही वेळा न सांगता केलं.