रुआँच्या सर्जनचा नऊ पानी निबंध

फ्रान्समधल्या रुआँत राहते म्हटलं की घरच्यांना दोनच गोष्टी आठवतात: चित्रकार मोनेनं पुन्हा पुन्हा रंगवलेलं कॅथेड्रल, नाहीतर १४३१ साली जोन ऑफ आर्कला जिथे जाळलं तो चौक. या गावाचं डॉक्टरकीशीही जुनं नातं आहे. कादंबरीकार फ्लोबेरचे वडील इथले नामांकित सर्जन होते. टायफस उवांमुळे पसरतो हे दाखवून १९२८ चं नोबेल मिळवणारे शार्ल निकोल इथलेच, आणि गावातल्या मोठ्या रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. मला मात्र आज सांगायचंय ते पॉल मित्रोफानॉफ यांच्याबद्दल. हे रुआँचे बालशल्यचिकित्सक. पर्यटकांच्या माहितीपत्रकात त्यांचं नाव सापडायचं नाही.

स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष, घेऊन जन्मलेल्या बऱ्याच मुलांना लघवीवर ताबा ठेवता येत नाही. मूत्राशयाला मेंदूचा निरोपच नीट पोचत नाही. पूर्वी अशा मुलांच्या आतड्याचा तुकडा वापरून लघवी पोटावरच्या पिशवीत काढत, आणि ती पिशवी जन्माची सोबतीण. १९७२ साली अमेरिकेत मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी सांगितलं, की दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामं केलं तरी पुरतं, शस्त्रक्रियेइतकं निर्जंतुक असायची गरज नाही. तेव्हा अनेकांना हे धाडसाचं वाटलं. पण व्हीलचेअरवर बसलेल्या मुलीनं नैसर्गिक वाटेनं नळी घालायची कशी? खुर्चीतून उतरायचं, कपडे काढायचे, दिसत नाही तिथे चाचपडायचं. शेवटी आईच लागते, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला ते नको असतं.

मित्रोफानॉफ यांनी यासाठी अपेंडिक्स कामाला लावलं, जे बाकीचे सर्जन कापून टाकून देतात ते. ते आतड्यापासून सोडवायचं, पण रक्तवाहिन्या तशाच ठेवायच्या. एक टोक मूत्राशयाच्या अस्तराखालून बोगद्यासारखं नेऊन आत उघडायचं, दुसरं पोटाच्या कातडीवर आणायचं. सगळी करामत त्या बोगद्यात आहे. मूत्राशय भरलं की आतल्या दाबानंच अपेंडिक्स भिंतीशी दाबलं जातं आणि वाट बंद होते. त्यामुळे पिशवी लागत नाही, गळतही नाही. मुलगी खुर्चीतच बसून सदरा थोडा वर करते, छोट्याशा छिद्रातून नळी सरकवते, दुसरं टोक कमोडमध्ये सोडते आणि काम झालं की नळी काढून घेते. पुढे बऱ्याच सर्जननी हे छिद्र बेंबीतच ठेवायला सुरुवात केली. पोहायला गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

हे त्यांनी १९८० साली ‘शिरुर्जी पेदियात्रिक’ या फ्रेंच नियतकालिकात मांडलं. निबंध जेमतेम नऊ पानांचा, तोही फ्रेंचमध्ये. मी इथे प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे सायटेशनचे, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधाचा किती वेळा दाखला दिला याचे, आकडे आणि कुठल्या नियतकालिकात छापून आलं यावर माणसाची किंमत ठरताना रोज पाहते. त्या मोजपट्टीवर हा निबंध कोपऱ्यातच पडून राहायचा. तो उचलला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सर्जन जॉन डकेट आणि हॉवर्ड स्नायडर यांनी. त्यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात इंग्रजीत ‘मित्रोफानॉफ तत्त्व’ म्हणून ते मांडलं, आणि अपेंडिक्सऐवजी दुसऱ्या नळ्या वापरूनही ते चालतं हे दाखवलं. श्रेयाच्या भांडणांच्या या जगात त्यांनी मूळ माणसाचं नाव पुढे ठेवलं, याचं मला कौतुक वाटतं. आज जगभरातली मुलं ‘माझं मित्रोफानॉफ’ म्हणतात. असा प्रभाव कुठल्या तक्त्यात बसवायचा?

शस्त्रक्रिया निर्दोष नाही. कातडीवरचं छिद्र आकसणं ही नेहमीची तक्रार, आणि मग पुन्हा टेबलावर जावं लागतं. मूल मोठं होतं तसं त्याचं मूत्रपिंड आयुष्यभर तपासत राहावं लागतं.

पण कल्पना थांबली नाही. १९९० मध्ये इंग्लंडच्या पॅट्रिक मलोन यांनी हेच अपेंडिक्स मोठ्या आतड्यासाठी वापरलं, म्हणजे त्यातून एनिमा देऊन शौचावर ताबा. झालं! अपेंडिक्स एक आणि दावेदार दोन, कारण या मुलांना बहुधा दोन्ही त्रास असतात. अपेंडिक्स पुरेसं लांब असलं तर काही सर्जन त्याचे दोन भाग करून दोघांनाही देतात. नसलं, तर ब्राझीलच्या मोंती यांनी १९९७ मध्ये सांगितल्याप्रमाणे लहान आतड्याच्या छोट्या तुकड्याची नळी शिवतात आणि ती मूत्राशयाला जोडतात, पुन्हा त्याच बोगद्यातून.